तळाचा कीस

त्या कारखान्यात एक खोली अशी होती, जिथे काही घडत नसे. आणि घडू नये, हेच त्या खोलीचं काम होतं. क्रीमची असो, मलमाची असो, प्रत्येक बॅचची एक काचेची बरणी तिथल्या फळीवर येऊन बसायची आणि तीन वर्षं बसून राहायची. तिला हलवायचं नाही, उघडायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. महिन्यातून एकदा तिच्याकडे नीट बघायचं आणि वहीत लिहायचं, 'फरक नाही.' हे बघण्याचं आणि लिहिण्याचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळा कारखाना पाठीमागे बरणीबाई म्हणायचा. तोंडावर नुसतं बाई.

एकोणीस वर्षांत आपण किती वेळा 'फरक नाही' लिहिलं, हा आकडा बाईंना पाठ होता; पण त्या तो कोणाला सांगत नसत. कोणी विचारलं नव्हतं, हेही एक कारण.

त्या सोमवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे खिडकीचा पडदा सारला, चष्मा पुसला आणि वरच्या फळीपासून सुरुवात केली. एक बरणी, एक नजर, एक ओळ. तिसऱ्या फळीवर डावीकडून सहावी बरणी आली, बॅच दोनशे चौदा, आणि बाईंचं पेन कागदाला टेकायचं राहिलं. पांढऱ्या क्रीमच्या खाली, काचेच्या अगदी तळाशी, पाण्याची एक रेघ होती. नखाएवढी. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. बाईंना ती दुरूनच दिसली, आणि आपल्याला दिसली याचा त्यांना त्या क्षणी राग आला.

दोनशे चौदा ज्या नव्या केमिस्टने केली होती, ती बाईंची भाची. सख्ख्या भावाची मुलगी.

हे नातं कारखान्यात कोणालाच माहीत नाही, असं दोघींनी ठरवलं होतं, आणि सगळ्या कारखान्याने त्यांना तसं ठरवू दिलं होतं. आत त्या एकमेकींना 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत. गेट ओलांडून दहा पावलं झाली की मागून येणाऱ्यांना 'आत्या, किल्ली तुझ्याकडे का माझ्याकडे?' ऐकू येई. भाची सहा महिन्यांच्या चाचणीवर लागली होती आणि येत्या शुक्रवारी ते सहा महिने भरत होते. कायम झाली की ती बसस्टॉपजवळ खोली घेणार होती. पडदे कोणत्या रंगाचे लावायचे इथवर बोलणी गेली होती. बाईंना त्यांची पुढची खोली परत मिळणार होती, जिच्यात सध्या एक पलंग, एक केस वाळवायचं यंत्र आणि मोजता येणार नाहीत इतक्या चपला होत्या. आणि कायम झाली नाही, तर ती भावाकडे परत जाणार होती. भावाने तिला पाठवताना बाईंना एवढंच म्हटलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतोय हं." हे वाक्य वरून साधं दिसतं. जिला भाऊ आहे तिलाच त्यातली धार कळेल.

आता ही रेघ का पडते, ते सांगायला हवं.

तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांना क्रीममध्ये एकत्र नांदवायला एक पदार्थ घालावा लागतो. चरबीतलं आम्ल आणि ग्लिसरीन यांच्यापासून तो करतात. पिशवीवर त्याचं नाव असतं ग्लिसरील मोनोस्टिअरेट. ते पुरतं म्हणून होईपर्यंत पिशवी उचलून जागेवर नेऊन होते, म्हणून कारखान्यात सगळे त्याला कीस म्हणत. दिसायला अगदी साबण किसल्यासारखाच. पांढरा, हलका, बोटाला मेणचट. हा कीस क्रीममध्ये असतो, मलमात असतो, पावात आणि केकमध्ये असतो, आइस्क्रीममध्ये आणि औषधाच्या गोळ्यांतही असतो. म्हणजे माणूस तो सकाळी तोंडाला लावतो, दुपारी खातो, आणि आजारी पडला की डॉक्टरच्या सांगण्यावरून पुन्हा खातो.

या कारखान्यात किसाच्या दोन जाती येत. एक साधा, बेकऱ्यांसाठी केकची पेस्ट बनायची त्या विभागात तो जाई. दुसऱ्यात थोडा साबण मिसळलेला असे, आणि तो कढत पाण्यात पडला की आपण होऊन दुधासारखा पसरे. तो क्रीमचा. डोळ्यांना दोन्ही सारखे, बोटांना सारखे, नाकालाही सारखेच. केकचा कीस क्रीममध्ये गेला तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. आठवड्यानेही नाही. क्रीम पांढरं, मऊ, कोणी नाव ठेवू नये असं. महिन्या-दीड महिन्याने पाणी हळूच खाली उतरतं, आणि तोवर ती डबी कोणाच्या तरी कपाटात जाऊन बसलेली असते.

बाई खुर्चीत बसल्या. उद्या मंगळवारी अकरा वाजता गुणवत्ता विभागाच्या मॅडम वही बघायला येणार होत्या. मॅडम प्रत्येक बरणी बघत नसत. वही बघत, आणि चार-पाच बरण्या मनात येतील तशा उचलत.

बाईंच्या खणात घट्ट झाकणं उचकटायला ठेवलेला एक स्टीलचा चमचा होता. दोनशे चौदा उघडून चार वेळा ढवळली असती, तर पाणी पुन्हा क्रीममध्ये गेलं असतं आणि चार दिवस तरी बाहेर आलं नसतं. सोमवार ते शुक्रवार, चार दिवस. झाकणावर एक कागदी पट्टी चिकटवलेली असे, ती फाटली असती. पण नव्या पट्ट्यांचं बंडल त्याच खणात होतं. हिशोब इतका चोख बसला, की बाईंना त्याचाच संशय आला. त्यांनी खण उघडला, चमचा जागेवर आहे हे पाहिलं आणि खण लावून टाकला. मग वहीत दोनशे चौदाच्या पुढची जागा कोरी सोडली आणि दोनशे पंधराकडे गेल्या. एकोणीस वर्षांत वहीत सुटलेली ती पहिली जागा. ती त्यांच्या डोळ्यांत दिवसभर कुसळासारखी खुपत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत त्या गोदामात गेल्या.

गोदाम ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना आवरामामा म्हणत. कारण ते कुठेही गेले तरी पहिला शब्द 'आवरा' हाच असे. गोदामात पिशव्यांच्या कडा दोरी धरल्यासारख्या एका रेषेत. झाडू टांगायचा खिळासुद्धा भिंतीच्या बरोबर मधोमध. घरी त्यांच्या बायकोने म्हणे स्वयंपाकघराला आतून कडी बसवून घेतली होती.

"बाई, तुम्ही इकडे? वाट चुकलात की काय?"

"क्रीमचा कीस बघायचाय."

"त्यात काय बघायचं? आहे तिथेच आहे. पळून चाललाय थोडाच."

"झाकण काढा."

"प्रमाणपत्र आहे हो, बाई. कंपनीचा शिक्का आहे."

"असू द्या. ते फाईलमध्येच शोभतं. तुमची चहाची किटली चालू करा जरा, कढत पाणी हवंय."

या खोलीत येण्याआधी बाई अकरा वर्षं मिश्रणाच्या टाकीवर होत्या. त्या वेळी प्रमाणपत्रं कमी आणि चुका जास्त, म्हणून बाईंनी आपली एक परीक्षा ठरवली होती. पिंपात हात घालायचा, चिमूटभर कीस काढायचा, पेल्यातल्या कढत पाण्यात टाकून ढवळायचा. पाण्याचं दूध झालं तर क्रीमचा. वर तेलाचा तवंग आला तर केकचा. पुढे सुशिक्षित लोक आले, त्यांनी पेला बघितला, एकमेकांकडे बघितलं, आणि पेला बंद झाला. बाईंना बढती देऊन बरण्यांकडे बसवलं. बढती होती हे त्यांना दोनदा सांगावं लागलं होतं.

आवरामामांनी झाकण काढलं. पिंप काठोकाठ भरलेलं, वरून पट्टीने सारखं केलेलं. बाईंनी बाही सरकवली, घड्याळ काढून ठेवलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मामांनी त्या खळग्याकडे असं बघितलं, जणू कोणी त्यांच्या उशीवर पाय दिलाय.

चिमूट पाण्यात पडली. बाईंनी ढवळलं. दूध झालं, एकसारखं पांढरं.

"झालं समाधान?" मामा म्हणाले.

"दोनशे चौदाला हेच पिंप होतं?"

"हेच. क्रीमच्या किसाचं एकच पिंप आहे आपल्याकडे. खाली गेलं की मी वरून भरतो. अर्धवट पिंपं मला बघवत नाहीत." त्यांनी पट्टी उचलून खळगा बुजवायला घेतला. "का, काही झालंय का?"

"काही नाही. हात शिवशिवत होते."

परत जाताना बाईंना बरं वाटायला हवं होतं. कीस बरोबर निघाला होता. पण कीस बरोबर असेल, तर चूक कोणाची हे विचारायला कोणी उरत नव्हतं. टाकीवर एकच माणूस उभं असतं.

संध्याकाळी भाची बटाटे सोलत होती आणि बाई तिच्यासमोर बसून सालं मोजल्यासारख्या बघत होत्या.

"दोनशे चौदाला पाणी किती अंशांवर होतं?"

"पंचाहत्तर."

"तेल?"

"तेही पंचाहत्तर. आत्या, आपण घरी आहोत ना?"

"घुसळणं किती वेळ?"

"कागदावर आहे तेवढा."

"तेव्हा तू फोनवर बोलत होतीस का?"

भाचीने सुरी खाली ठेवली. "काय झालंय ते सांग. असं आडून आडून काय?"

"दोनशे चौदाने पाणी सोडलं."

 भाचीच्या हातातला बटाटा अर्धा गोरा, अर्धा मातकट.

"किती?"

"नखाएवढं."

"वहीत लिहिलंस?"

"अजून नाही."

"म्हणजे जागा कोरी आहे? तुझ्या वहीत?" ती आत्याकडे नव्याने बघायला लागली. "चमचा काढला होतास?"

"कोणता चमचा?"

"तुझ्या खणातला. आणि पट्ट्या. आत्या, ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

"काढला नाही."

"बघितलास तरी असशीलच."

"खण उघडला की दिसतो. त्याला मी काय करू?"

भाची हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "गुरुवारी पुन्हा क्रीमची बॅच लावायचीय. त्याच पिंपातून."

"पिंपात काही नाही. मी आज बघून आले. पेला केला. दूध झालं."

"मीही केला होता," भाची म्हणाली.

"काय केला होतास?"

"पेला. मी कामाला लागल्या लागल्या तू सांगितलं होतंस ना? जेवायच्या सुट्टीत, कोणी नसताना. कोणी बघितलं असतं तर चिडवून जीव नकोसा केला असता. दूध झालं, मग मी कागदावर 'कीस तपासला' म्हणून सही केली."

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. मुलीने आपलं ऐकलं, याचं थोडं सुख झालं. पण ते उपभोगायची ही वेळ नव्हती. "मग तू घुसळण्यात चुकलीस."

"मी चुकले नाही."

"दूध तुझंही झालं, माझंही झालं. मग पाणी काय आपण होऊन आलं?"

"मी चुकले नाही, आत्या. पाहिजे तर लिही वहीत की मी चुकले. पण मी चुकलेली नाही."

 बाजूच्या घरात कोणी तरी खिळा ठोकत होतं. तीन ठोके, मग थांबणं, मग तीन ठोके. बाईंनी एक बटाटा हातात घेतला आणि तो सोललेला आहे हे पाहून परत ठेवला.

"चिमूट कुठून घेतलीस?"

"पिंपातून."

"पिंपात कुठून?"

"वरून. आणखी कुठून घेणार?"

"वरून?"

"तू सांगितलं होतंस, पेला, कढत पाणी, चिमूटभर कीस, ढवळायचं. चिमूट कुठली हे तू बोलली नव्हतीस."

बाईंनी आठवून बघितलं. खरंच बोलल्या नव्हत्या. त्यांचा हात अकरा वर्षं आपोआप खाली जात होता. तो खाली जातो, ही सांगण्याची गोष्ट आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. लाटणं कसं धरावं हे सांगताना जमिनीवर बसावं हे कोणी सांगत नाही.

"कोपरापर्यंत हात घालायचा असतो," त्या म्हणाल्या. आवाजात नको तेवढा तोरा आला. "तळाचा कीस काढायचा. मी आज तसाच काढला."

"कोपरापर्यंत म्हणजे किती?"

"कोपरापर्यंत म्हणजे कोपरापर्यंत."

भाची उठली, शिवणाच्या डब्यातून टेप आणली आणि आत्याचा हात सरळ करून बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजला. "एक्केचाळीस." मग टेपचं एक टोक जमिनीवर धरून दुसरं वर आपल्या अंगाला लावत नेलं. "पिंप माझ्या कमरेला लागतं. इथे. म्हणजे नव्वद तरी आहे."

बाई टेपकडे बघत राहिल्या.

"तुझ्या वेळची पिंपं केवढी होती?"

"गुडघ्याच्या जरा वर," बाई म्हणाल्या. तोरा कुठल्या कुठे गेला.

"मग तळ तूही बघितला नाहीस," भाची म्हणाली. जिंकल्यासारखं नाही, बटाटे शिजले नाहीत हे सांगावं तसं. "दोनशे चौदाला पिंप अगदी खाली गेलं होतं. शेवटी मी ते आडवं करून खरवडून काढलं. तरी चार बोटं राहिलं असेल. ते अजून आतच असणार."

"त्यावर मामांनी भरलं."

"भरणारच. अर्धवट पिंप त्यांना बघवतं का?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता, कामाची घंटा व्हायच्या आधी, दोघी गोदामात उभ्या होत्या. मामांना पिंप पुरतं रिकामं करायला सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "पुरतं?" जमिनीवर प्लास्टिकचा स्वच्छ कागद पसरला आणि मामांनी पिंप तिरकं केलं. पांढऱ्या किसाचा ढीग पसरत गेला, कागदाच्या कडेपर्यंत आला, आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

भाचीने तीन पेले मांडले. एकात वरचा कीस, एकात मधला, एकात पिंपाच्या बुडातून नखाने खरवडलेला. पाणी ओतलं. पहिल्या पेल्यात दूध झालं. दुसऱ्यात झालं. तिसऱ्यात तिने बराच वेळ ढवळलं. पाणी पाणीच राहिलं आणि वर वितळलेल्या मेणबत्तीसारखा तवंग जमला.

तिघं त्या पेल्याकडे बघत होती.

"केकचा आहे," बाई म्हणाल्या.

"असं कसं होईल?" मामा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. "एक पिशवी होती. दोन महिने झाले असतील. अर्धी उरलेली, कोपरा फाटलेला. किसाचं नाव लिहिलेलं होतं. अर्धी पिशवी कुठे ठेवू? इथे मावेना, तिथे शोभेना. पिंप तेव्हा रिकामं होतं, त्यात ओतली. वरून नवी भरली."

"दोन्ही पिशव्यांवर नाव एकच असतं, मामा," भाची म्हणाली. "क्रीमच्या पिशवीवर शेवटी दोन बारीक अक्षरं जास्त असतात. ती बघितली नाहीत?"

"ती कोपऱ्यातच छापतात ना," मामा म्हणाले. "आणि कोपरा फाटलेला."

 मामांनी वाकून कागदाबाहेर पडलेले किसाचे चार कण बोटाने टिपले आणि खिशात टाकले. ते का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

साडेनऊला बाई आपल्या खोलीत आल्या. वही उघडली. दोनशे चौदाची कोरी जागा तशीच होती. खालच्या सगळ्या ओळी सोमवारच्या तारखेच्या. इथे सोमवारची तारीख टाकली असती तर ती नेहमीच्याच शाईत, नेहमीच्याच अक्षरात मिसळून गेली असती. मॅडमनाही शंका आली नसती. बाईंनी मंगळवारची तारीख टाकली आणि लिहिलं, 'तळाशी पाणी, नखाएवढं. सोमवारी सकाळी दिसलं.' ओळ पुन्हा वाचून, खाडाखोड न करता त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा सारला.

अकराला मॅडम आल्या. मॅडम बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे लोक त्यांना जास्त घाबरत. त्यांनी ओळ वाचली, बरणी उचलली, उजेडात धरली.

"सोमवारी दिसलं आणि मंगळवारी लिहिलं?"

"हो."

"मध्ये काय झालं?"

"मध्ये मी पिंपात हात घातला."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. फाटलेली पिशवी, भरलेलं पिंप, पेला, वरची चिमूट, एक्केचाळीस आणि नव्वद. भाची दारात उभी होती. बाईंनी तिला सांभाळून घेतलं नाही आणि पुढेही ढकललं नाही. फक्त एवढं म्हणाल्या, "चिमूट तळाची घ्यायची, हे तिला मी सांगितलं नव्हतं."

"ही परीक्षा कुठे लिहिलेली आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुठे नाही. बंद केलीय ती."

"कोणी?"

बाईंनी ते सांगितलं नाही. मॅडमच्या आधीच्या साहेबांनी केली होती, आणि त्यांची तसबीर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लावलेली होती.

मॅडमनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग एकेक करून सांगितलं, बाजारातल्या भावासारखं, न थांबता. दोनशे चौदाच्या नऊशे डब्यांपैकी सहाशे चाळीस अजून वितरकाच्या गोदामात होत्या. सगळ्या परत मागवायच्या, आणि विकल्या गेलेल्यांसाठी दुकानांना पत्र. किसाच्या पिशव्या यापुढे पिंपात ओतायच्या नाहीत; पिशवी अर्धी तर अर्धी. हे ऐकून मामा दोन दिवस जेवले नाहीत, असं नंतर कळलं. आणि केमिस्टची सही 'तपासला' म्हणून होती, पण तपासला होता पिंपातला फक्त वरचा कीस. तेव्हा चाचणी तीन महिन्यांनी वाढवली.

"कामावरून काढत नाही मी," मॅडम भाचीकडे बघून म्हणाल्या. "बाकी कोणी सही करण्याआधी पेलासुद्धा केला नसता. पण अर्धा पेला चालत नाही."

"हो, मॅडम."

"आणि ही परीक्षा लिहून आणा. दोघींनी मिळून. परवाच्या आत."

जाताना त्यांनी वही पुन्हा ओढली आणि दोनशे चौदाच्या ओळीपुढे लाल पेनने लिहिलं, 'नोंद एक दिवस उशिरा.' एकोणीस वर्षांत बाईंच्या वहीत लाल शाई पहिल्यांदा आली. बाईंनी टिपकागद दाबून ती वाळवली, पसरू दिली नाही.

परीक्षा लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. जी गोष्ट बाई पाऊण मिनिटात करत, तिचं पान भरलं. भाची प्रत्येक शब्दाला अडवे. कढत म्हणजे किती अंश? चिमूट म्हणजे किती ग्रॅम? ढवळायचं किती वेळ? बाई वैतागून म्हणाल्या, "दूध होईपर्यंत." भाचीने लिहिलं, 'दोन मिनिटे.' 'कोपरापर्यंत' हा शब्द बाईंनीच खोडला. त्या जागी आलं, 'दांडा पिंपाच्या तळाला टेकेपर्यंत.' मग तसा दांडा कुठून आणायचा हा प्रश्न आला. भाचीने आत्याच्या खणातला स्टीलचा चमचा मागून घेतला आणि कारखान्याच्या फिटरकडून त्याला मीटरभर सळई जोडून आणली. आता तो गोदामात एका खिळ्याला टांगलेला असतो. खिळा भिंतीच्या बरोबर मधोमध.

शुक्रवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

"झाली का पोरगी कायम?"

"तीन महिने लांबलं, दादा."

"का? काही चुकलं का तिचं?"

"अर्धं तिचं. अर्धं माझं सांगायचं राहिलं होतं."

 भावाला विचारायचं बरंच होतं, पण बहिणीने आपणहून अर्धं कबूल केल्यावर पुढे कसं जायचं, हे त्याला कधीच जमलेलं नव्हतं. "जेवलात का?" त्याने विचारलं.

"बसतोच आहोत."

पुढच्या खोलीत केस वाळवायचं यंत्र सुरू झालं. चपलांमध्ये आज एक नवा जोड आला होता. बाईंनी तो मनातल्या मनात मोजणीत धरला.

महिन्याने पुन्हा बरण्या बघायची वेळ आली. दोनशे चौदा फळीवर तशीच होती, कोणी न हलवलेली. तीन वर्षं ठेवायची म्हणजे ठेवायची, बिघडलेली असली तरी. बाईंनी चष्मा पुसला, खाली वाकून बघितलं आणि लिहिलं, 'पाणी, दोन नखं.' मग थोडं थांबून नखं खोडली, खणातून मोजपट्टी काढली आणि मोजून लिहिलं, 'बावीस मिलिमीटर.'